मुद्दलाला हात

बोरी नदीच्या काठी वसलेल्या अमळनेरचे नाव निघाले, की सखाराम महाराजांची वाडी, प्रतापशेठजींनी 1916 साली स्थापन केलेले तत्त्वज्ञान मंदिर, साने गुरुजी जेथे शिक्षक होते ती शाळा आणि वनस्पती तुपाच्या ज्या कारखान्यातून पुढे विप्रो नावाचा मोठा उद्योग वाढला तो कारखाना, अशी गावाची चार भूषणे कोणीही अमळनेरकर बोटांवर मोजून दाखवितो. आणि 1952 पाठोपाठ 2024 सालीही येथे साहित्य संमेलन भरल्यामुळे पाचव्या बोटाचीही आता सोय झाली आहे. माझा विषय मात्र या पाचांपैकी एकही नाही. गावाच्या नव्या कॉलन्यांतून 'मातृछाया', 'श्रमसाफल्य' अशी नावे मिरविणारी जी घरे दिसतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ खरेदीखत मालकाच्या कपाटात नसून कोठल्या ना कोठल्या बँकेच्या तिजोरीत असते. आणि ते मुदतीपूर्वी घरी आणण्याची खटपट जी माणसे वर्षानुवर्षे, कोणताही गाजावाजा न करता, करीत असतात, त्यांच्या हिशेबाकडे एकदा नीट पाहावे, या हेतूने हा लेख लिहावयास घेतला आहे.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. बांधलेले घर सोडवून पाहावे, असे मात्र कोणी सांगितले नाही. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. कर्ज काढणे हा चार माणसांत, पेढे वाटून करावयाचा व्यवहार, आणि फेडणे हा मात्र ज्याचा त्याने, दार लावून घेऊन करावयाचा, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की ही समजूत उलटी आहे. ऋणको माणसाच्या पदरी कायद्याने वेळोवेळी पुष्कळ हक्क घातले. परंतु ते हक्क वापरण्याची धमक एकट्यादुकट्या माणसात क्वचितच आली, आणि जेथे आली तेथे त्याच्या मागे चार शेजारी उभे होते.

खानदेशात गहाणाचा इतिहास कापसाच्या इतिहासाला जोडूनच चालतो. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि येथल्या काळ्या जमिनीतल्या बोंडाला एकाएकी सोन्याचा भाव आला. भाव होता तोवर सावकाराने हात आखडला नाही, आणि युद्ध संपून भाव कोसळल्यावर त्याच हाताने खत पुढे केले. नजरगहाणात जमीन निदान कुळाच्या ताब्यात राही. कब्जेगहाणात तीही जाई, आणि मुदतखरेदीत तर ठराविक दिवशी रक्कम न भरल्यास गहाणाची विक्रीच होऊन बसे. हिंदू धर्मशास्त्रात दामदुप्पटीचा नियम होता, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नसे, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीतही असत; पण व्याज तुंबले की जुने खत फाडून, ते व्याज मुद्दलात मिळवून, नवे खत लिहून घेण्याची युक्ती सावकाराला ठाऊक होती, आणि खताखाली अंगठा उठविणाऱ्याला ती ठाऊक नव्हती.

या अन्यायाचा स्फोट खानदेशात न होता पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, 12 मे 1875 रोजी झाला. जमावाने सावकारांच्या घरांवर चाल करून जाताना पैशाअडक्याहून कर्जरोख्यांकडे अधिक लक्ष दिले, आणि ठिकठिकाणी त्या कागदांच्या होळ्या झाल्या. सरकारने चौकशी नेमली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. आरंभी पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांना लागू असलेल्या त्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या पाठीमागे जाऊन मूळ देणे किती होते हे तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. पाठोपाठ 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 60 व्या कलमाने, रक्कम देय झाल्यावर ती चुकती करून गहाण सोडवून घेण्याचा ऋणकोचा हक्क लेखी स्वरूपात मान्य केला. कागदोपत्री पाहता, ऋणकोची बाजू एवढ्यानेच भक्कम व्हावयास हरकत नव्हती.

ती झाली नाही. आणि का झाली नाही, याचे उत्तर मला त्या कायद्यांपेक्षा साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकात अधिक स्पष्ट सापडते. गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि हे पुस्तक 1935 साली प्रसिद्ध झाले. आपण ते मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून वाचतो, डोळे पुसतो आणि मिटून ठेवतो. पण त्यातील घराची शोककथा ही मुख्यतः कर्जाची कथा आहे. एक प्रतिष्ठित घराणे, वाढत जाणारे देणे, दारी येऊन बसणारा सावकाराचा माणूस, त्याचे घरातल्या बाईला लागणारे शब्द, आणि शेवटी जप्ती. त्या वाड्यात जे घडत होते ते गावातील प्रत्येकाला ठाऊक होते, आणि तरीही त्याविषयी कोणी त्या कुटुंबाशी बोलत नव्हते. अब्रूच्या भयाने ओढून घेतलेला हा एकटेपणा, माझ्या मते, व्याजाच्या दराहून अधिक महाग पडतो.

त्यावर उतारा शोधणारी माणसेही आपल्यातच निघाली. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात 1889 साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. सहकाराचा कायदा हिंदुस्थानात 1904 साली आला; म्हणजे तो येण्याच्या पंधरा वर्षे आधी काही मराठी कुटुंबे आपली शिल्लक एकत्र करून गरजूला त्यातून उसनवार देऊ लागली होती. 1904 च्या कायद्याखाली खेड्यांतून ज्या पतपेढ्या निघाल्या, त्यांचा पाया अमर्याद जबाबदारीचा होता: एक सभासद बुडाला तर त्याचे देणे बाकीच्यांच्या अंगावर येई. आज हे ऐकून आपल्याला धडकी भरेल, पण त्याचा परिणाम असा होई, की रामा पाटलाने घेतलेले कर्ज बैलजोडीला लागले की लग्नाच्या जेवणावळीला, याकडे आख्ख्या आळीचे डोळे लागलेले असत.

जमिनीवरील जुनी गहाणे सोडविण्यासाठी दीर्घ मुदतीची रक्कम हवी होती आणि ती या लहान पेढ्यांना झेपण्यासारखी नव्हती, म्हणून 1929 साली मुंबई इलाख्यात प्रयोगादाखल ज्या तीन भूतारण बँका काढण्यात आल्या, त्यांपैकी एक धारवाडला, दुसरी भडोचला आणि तिसरी आमच्या पूर्व खानदेशात, पाचोऱ्यास निघाली, याचा जिल्ह्याने अभिमान बाळगावा. 1935 साली त्यांची इलाखा पातळीवरील शिखर बँक झाली आणि पुढे भूतारणाची भूविकास झाली. विहिरी झाल्या, इंजिने बसली, सावकाराची काही गहाणेही फिटली. परंतु पतपेढी शेजाऱ्याला ओळखत असे, आणि ही बँक ओळखीत असे ती केवळ सात-बाराच्या उताऱ्याला. हप्ता थकला, तर तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नसे. थकबाकी वर्षानुवर्षे साचली, बँका डबघाईस आल्या, आणि 2022 साली राज्य शासनाने भूविकास बँकांच्या कर्जदार शेतकऱ्यांचे सुमारे 964 कोटी रुपये माफ केले, तेव्हा कोठे पुष्कळांच्या उताऱ्यावरील बोजा उतरण्याची वाट मोकळी झाली. माफीला माझा विरोध नाही; काही संकटे माणसाच्या आवाक्याबाहेरचीच असतात. परंतु जे कर्ज आजोबांनी काढले आणि नातवाच्या काळात शासननिर्णयाने पुसले गेले, त्याला 'फिटले' म्हणणे अवघड आहे.

आता आजच्या गृहकर्जाकडे वळू. सावकाराची जागा बँकेने घेतली, खताच्या जागी करारनाम्याची जाडजूड चोपडी आली, आणि कर्जदार आता अंगठ्याऐवजी प्रत्येक पानावर सही करतो. वाचतो मात्र तेवढेच, जेवढे त्याचे आजोबा वाचीत असत. त्या चोपडीतील गणिताचा एक नमुना देतो. 20 लाखांचे कर्ज, 9 टक्के दर, 20 वर्षांची मुदत. मासिक हप्ता सुमारे 17,995 रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील 15,000 रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून वजा होतात ते अवघे 2,995. वीस वर्षांत माणूस 43 लाखांच्या वर रक्कम भरतो, म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक होते. दामदुप्पटीचा नियम येथे उपयोगी पडत नाही, कारण व्याज येथे तुंबतच नाही. ते दरमहा, वेळच्या वेळी, निमूटपणे वसूल होते.

याच कर्जात पहिल्या महिन्यापासून दरमहा 2,000 रुपये अधिक भरले, आणि ते मुद्दलातच जमा करून घेतले, तर कर्ज वीस वर्षांऐवजी साडेपंधरा वर्षांत फिटते आणि व्याजाचे सुमारे 6 लाख रुपये वाचतात. हप्ता फक्त एक नवमांशाने वाढतो, पण मुदत साडेचार वर्षांनी घटते. हे आरंभीच्या वर्षांत केले तर. शेवटच्या चार वर्षांत तेच दोन हजार भरून फारसे काही हाती लागत नाही, कारण तोपर्यंत व्याज बहुतेक घेऊन झालेले असते.

उलट दिशेचे गणितही पाहून ठेवावे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि बदलत्या दराची गृहकर्जे त्यामागोमाग चढली. समजा 20 लाखांचे कर्ज 7 टक्क्यांनी वीस वर्षांकरिता घेतले होते आणि हप्ता 15,506 होता. दोन वर्षांनी बाकी 19 लाखांच्या किंचित वर असताना दर साडेनऊ झाला, तर महिन्याचे व्याजच 15,050 होते. मुद्दलात जातात साडेचारशे रुपये. हप्ता तोच ठेवला, तर हे कर्ज फिटावयास पुढे सदतीस वर्षांहून अधिक काळ लागेल. बँका तेवढी मुदत देत नाहीत, कोठेतरी थांबून हप्ता वाढवितातच. पण त्या दिवसांत निवृत्तीनंतरच्या सालापर्यंत लांबलेली मुदत पाहून पुष्कळ नोकरदारांचे डोळे पांढरे झाले, आणि कित्येकांना ती लांबल्याचे कळलेसुद्धा उशिरा. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी आदेश काढला, की दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, हे कर्जदाराला विचारले पाहिजे. त्याआधी 5 जून 2012 रोजी तिने बदलत्या दराच्या गृहकर्जावरील मुदतपूर्व फेडीचा दंडही बँकांना बंद करावयास लावला होता. हा आपल्या काळातला 1879 चा कायदा म्हणावयास हरकत नाही. प्रश्न पुन्हा तोच: हक्क दिला, पण वापरणार कोण?

अमळनेरात मला याचे उत्तर एका ओसरीवर मिळाले. दोघे नवरा-बायको शिक्षक. नाव छापू नये, एवढीच त्यांची अट. महिन्याच्या एका रविवारी तेथे भिशी जमते. बाराजणी, प्रत्येकीचे दोन हजार, आणि ज्यांच्या चिठ्ठ्या अद्याप निघालेल्या नाहीत त्यांच्या घड्या स्टीलच्या डब्यात. घरातल्या सर्वांत लहान मुलीने डोळे मिटून एक उचलावयाची. येथवर ही भिशी इतर कोठल्याही भिशीसारखीच. निराळेपण आहे ते नियमात: जिची चिठ्ठी निघेल तिने ते चोवीस हजार घराच्या कर्जात, मुद्दलात भरावयाचे आणि पुढच्या बैठकीला बँकेची पावती आणून सर्वांना दाखवावयाची. एकीने मध्यंतरी त्या पैशांतून फ्रीज घेतला. तिला कोणी रागावले नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांनी तिच्याकडे सरबत मागितले, बर्फ घालून. ती हसली, पण पुढील वर्षी पावती घेऊन आली.

घरधनिणीची वही मी पाहिली. लाल कापडी बांधणीची, व्यापारी रोजमेळाला वापरतात तसली. डाव्या पानावर महिन्याचा खर्च, उजव्या पानावर एकच आकडा: मुद्दल बाकी. हप्त्याचा, व्याजाचा, पगाराचा उल्लेख उजव्या पानावर नाही. महागाई भत्त्याचा फरक आला, तो उजवीकडे वजा. उन्हाळ्यात बाराजणींनी एकत्र बसून उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे घातले, त्यांतले जास्तीचे विकले, तो पैसा उजवीकडे वजा. लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करतात तशी या घरात या वहीची होते, आणि पूजेला आलेली शेजारची वयस्क बाई प्रसादाआधी विचारते, "कितलं ऱ्हायनं, माय?" आकडा न संकोचता सांगितला जातो. श्यामच्या आईला असे कोणी विचारले असते, तर ते तिला अपमानकारक वाटले असते; येथे तो आस्थेचा प्रश्न आहे, आणि मला वाटते, या शंभर वर्षांत आपल्या समाजात जे थोडेफार बदलले आहे त्यातला हा महत्त्वाचा भाग आहे.

नवऱ्याची शिस्त निराळ्या ठिकाणी घडलेली. जळगाव जिल्ह्यात शिक्षक आणि सरकारी नोकर यांच्या पतपेढीला सगळे 'ग. स.' एवढ्याच नावाने ओळखतात. तेथे सहकारी सहकाऱ्याला जामीन राहतो आणि हप्ता पगारातूनच कापला जातो. ज्याने दुसऱ्याच्या कर्जाला सही दिली आहे तो, शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता, त्या कर्जाची विचारपूस करतोच. 1904 च्या अमर्याद जबाबदारीचा हा सौम्य अवतार समजावा.

या ओसरीच्या समोरच्याच घरात मात्र एक प्रतिपक्षी राहतात, आणि अमळनेरात तो पक्ष दुबळा नाही. महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 29 डिसेंबर 1945 रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी, म्हणजेच पुढची विप्रो, स्थापून येथे कारखाना घातला, गावातील लोकांनी तिचे भाग घेतले, आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्यांच्या पुढल्या पिढ्यांना बोनस भागांची गणती ठेवणे कठीण झाले. "व्याजाचे सहा लाख वाचवता, आणि तेच दोन हजार शेअरात घातले असते तर?" असे हे गृहस्थ मला विचारीत होते, आणि या गावात त्या प्रश्नाला उत्तर देणे इतर गावांपेक्षा जड जाते. पण न विकण्याचे धैर्यही तेथे एकट्याचे नव्हते. शेजारी विकीत नाही म्हणून आपणही न विकणारे त्यात पुष्कळ असणार. शिवाय, याच गावात ज्या प्रताप मिलचे वैभव एके काळी डोळे दिपविणारे होते, तिच्या भरवशावर आयुष्य बांधलेल्यांना वेगळा अनुभव आला. भागाचा भाव चढेल किंवा उतरेल. भरलेल्या मुद्दलावरचे 9 टक्के व्याज वाचते ते मात्र नक्की वाचते. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी कर्ज राहू द्यावे, असा सल्लाही पुष्कळ देतात. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते हे खरे. पण शंभर रुपये व्याज देऊन वीस-तीस रुपये कर वाचविणे याला मी तरी बचत म्हणणार नाही, आणि नव्या करपद्धतीत राहत्या घराला ती वजावटही नाही.

भिशीची भलावण करताना एक गोष्ट लपविणे अप्रामाणिक ठरेल. ओळखीच्या बाराजणींची भिशी आणि कोणीतरी चालविलेली, शेकडो अनोळखी सभासदांची, नोंदणी नसलेली भिशी यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. दुसरीत चालक रातोरात परागंदा झाल्याच्या कथा प्रत्येक तालुक्याला माहीत आहेत. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचे दुःख तर जळगाव जिल्ह्याने दीर्घकाळ भोगले आहे. म्हणून परस्परविश्वास हवा तो पावती दाखविणारा, आणि रक्कमही एवढीच, की ती बुडाली तरी घर हलू नये. तसेच घरात सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक नसताना होते-नव्हते ते कर्जात ओतणे हाही अविचारच. दवाखान्याचा प्रसंग आला, की मग त्याच माणसाला सोने तारण ठेवावे लागते.

उरली व्यवहाराची बाब, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. जादा रक्कम भरताना ती मुद्दलात जमा करावी आणि हप्ता न घटविता मुदत घटवावी, असे बँकेला लेखी द्यावे, नाहीतर ती पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहते किंवा हप्ताच कमी करून दिला जातो. कर्ज पूर्ण फिटल्यावर बेबाकीचा दाखला मागून घ्यावा. मूळ दस्तऐवज तीस दिवसांच्या आत परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2023 पासून घातले आहे, आणि बँकेच्या कसुरीने विलंब झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. परंतु दस्तऐवज घरी आले म्हणजे सारे संपले नाही. मिळकत पत्रिकेवर, किंवा प्लॉटचा सात-बारा असेल तर त्यातील इतर हक्कांच्या रकान्यात, बँकेचा बोजा नोंदविला गेला असेल तर तो आपोआप पुसला जात नाही. त्यासाठी बेबाकीचा दाखला जोडून नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, फेरफार मंजूर व्हावा लागतो. कर्ज फेडून वर्षे लोटली तरी उताऱ्यावर बोजा तसाच राहिलेली घरे थोडी नाहीत, आणि हे मालकाला कळते ते वारसांची वाटणी किंवा विक्री निघाली म्हणजे. तेव्हा या दिवाळीत ज्यांचा शेवटचा हप्ता जाणार असेल, त्यांनी नवा उतारा काढून तो रकाना आपल्या डोळ्यांनी वाचावा, आणि मगच पेढ्यांची ऑर्डर द्यावी.